आईचा पाय आणि मुलाचें पाऊल

दुखण्यांमध्येंही मानाचीं आणि बिनमानाचीं असे दोन वर्ग समाजानें पाडलेले आहेत. विषमज्वर, हृदयविकार, मोठी शस्त्रक्रिया हीं मानाचीं दुखणीं होत. त्यांची वार्ता कळतांच आप्त धांवून येतात, घरांतील माणसें हलक्या पावलांनीं वावरूं लागतात आणि रोग्याच्या उशाशीं फळांची परडी येऊन बसते. पाय मुरगळणें, पावलाचें हाड मोडणें, टांचेला इजा होणें यांना तो मान मिळत नाहीं. रोगी शुद्धीवर असतो, जेवतो, बोलतो, हंसतो. फक्त त्याला चालतां येत नाहीं. त्यामुळें त्याची विचारपूस दोन दिवसांत आटोपते. परंतु हेंच किरकोळ मानलेलें दुखणें ज्या घरांत एक-दीड वर्षाचें मूल आहे अशा घरांतील आईच्या वांट्याला आलें, म्हणजे त्याचें स्वरूप पालटतें. एका बाजूस, पाऊल जमिनीला टेकूं नये, अशी वैद्यांची आज्ञा असते. आणि दुसऱ्या बाजूस, ज्याला नुकतेच पाय फुटले आहेत असें मूल असतें, व आज्ञा म्हणजे काय हें त्याला ठाऊकच नसतें.

हा प्रश्न प्रत्यक्षांत कसा उभा राहतो हें पाहण्यासाठीं लातूर जिल्ह्यांतील देवणी या गांवाकडे दृष्टि वळवावी. कर्नाटकाच्या सीमेजवळचें, पूर्वीं उदगीर तालुक्यांत मोडणारें व आतां स्वतःच तालुक्याचें ठिकाण झालेलें हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्याचें नांव दूरवर पोंचलें आहे तें मात्र तेथील गोधनामुळें. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरें यांच्या मिश्रणांतून घडलेली देवणी ही गुरांची जात दूध आणि शेतकाम अशा दोन्ही गोष्टींसाठीं प्रसिद्ध आहे. पांढरा बालंक्या, काळसर तोंडाचा वानेरा आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा शेवरा असे तिचे प्रकार जाणकार लोक दुरूनच ओळखतात. अशा मुलुखांत पायाला इजा होण्याची रीतिही शहराहून निराळी असते. शहरांत बाई जिन्यावरून घसरते, बसमधून उतरतांना तिचा पाय वांकडा पडतो, किंवा ओल्या फरशीवर तिचा तोल जातो. गुरांच्या गांवांत पहाटे धार काढतांना गाय माशी उडविण्यासाठीं पाय उचलते आणि तो शेजारच्या अनवाणी पावलावर ठेवते. जनावर तीनशें किलोंहून अधिक वजनाचें. त्याच्या एका खुराखालीं येणारा भार शंभर किलोंच्या घरांत जातो. त्यांत गाईचा अपराध नाहीं, बाईचाही नाहीं. पण मोडावयाचें तें मोडतें.

माणसाच्या एकेका पावलांत २६ हाडें असतात. त्यांपैकीं बोटांच्या मागें तळपायाच्या मधल्या भागांत असलेलीं पांच लांबट हाडें अशा आघातानें मोडण्याचा संभव मोठा असतो. हाड मोडलें म्हणजे त्या जागीं प्रथम रक्त सांखळतें. दोन-तीन आठवड्यांत तेथें कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो. पुढें त्यांत चुन्याचे क्षार बसून तो हळूहळू कठीण होतो. प्रौढ माणसाच्या पावलाच्या बाबतींत या सर्वांस सामान्यतः सहा ते आठ आठवडे लागतात. टांचेचें हाड किंवा घोटा दुखावला असेल तर त्याहूनही अधिक. या क्रमांत एक फसवा काळ येतो, व तो प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. साधारण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूज उतरते, ठणका कमी होतो, आणि पाय बरा झाला असें वाटूं लागतें. परंतु आंतील जोड अजून मऊच असतो. नेमक्या याच दिवसांत मूल हात पसरून पुढें येतें, आई त्याला कडेवर घेते आणि क्षणभर दोन्ही पायांवर उभी राहते. जुळत आलेलें हाड सरकण्यास तेवढा क्षण पुरतो.

इ. स. १७५६ मध्यें लंडन येथील विख्यात शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट हे घोड्यावरून पडले आणि त्यांच्या पायाचें हाड मोडलें. कोणी आपल्याला घाईनें उचलूं नये म्हणून त्यांनीं तेथल्या तेथें एक दार विकत घेतलें आणि त्यावर निजवून आपल्याला घरीं न्यावयास लावलें, अशी हकीकत सांगतात. पुढें सक्तीच्या विश्रांतीच्या दिवसांत त्यांनीं अंतर्गळावर ग्रंथ लिहिला. घोट्याच्या एका अस्थिभंगाला वैद्यकांत अजूनही त्यांचें नांव आहे. पॉट यांचें धैर्य आणि उद्योग हीं दोन्ही वाखाणण्यासारखीं आहेत. मात्र त्यांच्या खाटेच्या कांठाला धरून, उचलून घे म्हणून हट्ट करणारें मूल त्या हकीकतींत नाहीं. असलेंच, तर तें दुसरें कोणी तरी सांभाळीत होतें. विश्रांति ही रोग्याच्या निश्चयानें मिळत नाहीं, ती भोंवतालच्या माणसांनीं द्यावी लागते. पॉट यांना ती मिळाली, म्हणून त्यांचा ग्रंथ झाला. देवणीच्या, किंवा पुण्या-मुंबईच्याही, एखाद्या आईला ती मिळाली तर तिचा पाय नीट जुळेल. तिनें शक्य तेवढी विश्रांति घ्यावी, असें म्हणून हात झाडणें म्हणजे घरानें आपलें कर्तव्य तिच्यावरच ढकलणें होय.

मुलाची बाजूही समजून घेतली पाहिजे. बहुतेक मुलें वर्षाच्या सुमारास चालूं लागतात. कांहीं नवव्या-दहाव्या महिन्यांत, तर कांहीं दीड वर्षाची होऊन. याच वयांत आई दृष्टीआड झाली कीं जीव घाबरा होण्याची वृत्ति तीव्र असते. अशा मुलाला आईच्या पायाची इजा कळत नाहीं. त्याला एवढेंच कळतें, कीं काल आपल्याला उचलून घेणारी आई आज उचलीत नाहीं. त्यावरून तें रडतें, चिडतें, रात्रीं दचकून उठतें, सुटत आलेल्या जुन्या संवयी पुन्हा धरतें. याला हट्टीपणा समजून धाक दाखविणें व्यर्थ आहे; आणि आईला लागलें आहे म्हणून मुलाला सरसकट तिच्यापासून दूर, आजोळीं किंवा शेजारीं, धाडून देणेंही बरें नव्हे. मुलाला हिंडतीफिरती आईच हवी असते असें नाहीं. त्याला आईचा स्पर्श, तिचा आवाज आणि तिचें लक्ष हवें असतें. आणि हीं तिन्ही बसल्या जागेवरून देतां येतात. सगळी व्यवस्था करावयाची ती याच एका गोष्टीवर उभी करावयाची.

पहिल्या दिवशींच्या कांहीं गोष्टींत मात्र हयगय नको. गोठ्यांत खुरानें कातडें फाटलें असेल तर धनुर्वाताच्या लशीची चौकशी त्याच दिवशीं करावी, कारण धनुर्वाताचे जंतु मातींत आणि जनावरांच्या शेणांत असतात. जखम स्वच्छ पाण्यानें व साबणानें धुवावी. तीवर शेण, हळदीचा लेप किंवा तंबाखू लावूं नये. पाऊल उंच ठेवावें, फडक्यांत गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, तेलानें रगडूं नये. पाय टेकवतच नसेल, किंवा हाडावर बोट ठेवतांच तीव्र कळ येत असेल, तर क्ष-किरणांचें छायाचित्र काढून घेतलेंच पाहिजे. उदगीर किंवा लातूर येथें जाण्याचा खटाटोप नको म्हणून घरीं किंवा हाडवैद्याकडे कामट्यांनीं पाय आवळून बांधण्याची चाल आहे. तिच्यांत मोठा धोका आहे. सूज वाढते, बंध मात्र ढिला होत नाहीं, आणि रक्त न पोंचल्यामुळें पाय गमावण्याची पाळी येऊं शकते. प्लॅस्टरमध्येंही हा धोका थोडाबहुत असतो. १८५१ च्या सुमारास मॅथाइसेन या डच लष्करी वैद्यानें प्लॅस्टरची पट्टी प्रचारांत आणली, तेव्हांपासून लक्षावधि हाडें सरळ जुळलीं. तरीही बोटें निळसर किंवा गार पडणें, त्यांना मुंग्या येणें, वेदना उतरण्याऐवजीं चढत जाणें, हीं चिन्हें दिसतांच रात्र असली तरी दवाखाना गांठावा. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेची सोय आहे, हें अशा वेळीं स्मरणांत असावें.

मूल अंगावर पीत असेल तर तें डॉक्टरांना आपण होऊन सांगावें. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन हीं वेदनाशामकें पाजणाऱ्या आईला सामान्यतः चालतात. परंतु कोडीन आणि ट्रॅमाडॉल यांविषयीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०१७ मध्यें स्पष्ट इशारा दिला आहे, कारण दुधावाटे तीं मुलाच्या अंगांत जाऊन त्याला गुंगी येण्याची व त्याचा श्वास मंदावण्याची भीति असते. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्या. पाय दीर्घकाळ स्थिर राहिला असतां शिरेंत रक्त गोठण्याचा संभव असतो, आणि कांहीं गोळ्यांनीं तो वाढतो. पोटरी सुजून दुखूं लागली किंवा एकाएकीं धाप लागली, तर ती थकव्याची समजून स्वस्थ बसूं नये. आणखी एक गोष्ट मराठवाड्यांतील पुष्कळ घरांना लागू आहे. तंबाखूच्या मिश्रीनें दांत घासण्याची संवय असेल तर निदान हाड जुळेपर्यंत ती सोडावी, कारण तंबाखूंतील विष रक्तवाहिन्या आखडून हाडाची जुळणी मंद करतें. दूध, दहीं, डाळी, पालेभाज्या आणि तीळ हे पदार्थ हाडाला बळ देणारे असून ते त्या मुलुखांत दुर्मिळ नाहींत. दुखणेंकरी बाईच्या ताटांत ते सर्वांच्या शेवटीं उरलेले म्हणून न पडतां आधीं पडावेत, एवढेंच.

आतां घराच्या मांडणीकडे वळूं. पहिला नियम असा, कीं सगळें घर मुलासाठीं निर्धोक करण्याचा हव्यास न धरतां एकच खोली पूर्णपणें निर्धोक करावी, आणि आई व मूल या दोघांचा दिवस त्या खोलींत घालवावा. दाराच्या चौकटींत मुलाच्या छातीइतक्या उंचीची फळी घट्ट बसवावी. पाण्यानें भरलेली बादली आंत नको, कारण वीतभर पाण्यांतही लहान मूल बुडूं शकतें. चहाचा पेला आईच्या हातांत असतांना मूल तिच्या मांडीवर नको. औषधें शिंकाळ्यावर किंवा कुलपांत असावीं. खाटेवर उशीखालीं तीं मुलाला पहिल्याच दिवशीं सांपडतात. कुबड्या भिंतीला टेकवून ठेवल्या तर मूल त्या ओढून अंगावर घेतें, यास्तव त्या आईच्या हातापुरत्या पण मुलाला न दिसतील अशा, खाटेखालीं आडव्या ठेवाव्या. आईच्या उजव्या हातास एक टोपली असावी. तींत मुलाचीं लंगोटीं, पुसण्याचीं फडकीं, पाण्याचें झांकणाचें भांडें, कोरडा खाऊ आणि दोन-चार खेळणीं सकाळींच भरून ठेवलीं म्हणजे दिवसांतून पन्नास वेळां होणारें उठणें वांचतें.

भारतीय घरांतील बैठक जमिनीची. ती मुलाला सोयीची असली तरी एका पायावर उठणाऱ्या बाईस फार अवघड असते. जमिनीवर बसण्याऐवजीं आईनें गुडघ्याच्या उंचीच्या बाजेवर किंवा पलंगावर बसावें आणि पाय उशीवर उंच ठेवावा. बाजेशीं भिंतीकडे एक भक्कम पाट किंवा चौरंग लावून ठेवला तर दीड वर्षाचें मूल एक-दोन दिवसांत त्यावरून चढून आईजवळ यावयास शिकतें. उतरतांना पाय आधीं आणि तोंड मागाहून, हेंही त्याला शिकवावें. आईनें वांकून मुलाला उचलण्याऐवजीं मुलानें चढून आईकडे यावें, या एका बदलानें निम्मी अडचण दूर होते. मूल उराशीं हवेंच असतें. तें तेथें पोंचतें, पण आईच्या पायावरून नव्हे.

कुबड्यांवर असतांना मूल कडेवर, खांद्यावर किंवा पाठीवर केव्हांही घेऊं नये, हा दुसरा नियम. आणि याला अपवाद नाहीं. दोन्ही हात कुबड्यांत गुंतलेले असतांना तोल गेला तर आई मुलाला सांवरूं शकत नाहीं आणि स्वतःलाही सांवरूं शकत नाहीं. मूल रडत असलें तरी तिनें आधीं बसावें आणि मग त्याला जवळ घ्यावें. कुबडीचें वरचें टोंक कांखेच्या दोन-तीन बोटें खालीं असावें आणि भार तळहातांवर घ्यावा. कांखेवर भार घेतला तर तेथील नस दबून हात लुळा पडण्याची भीति असते. खालचीं रबरी टोंकें झिजलीं असतील तर बदलावीं, आणि शहाबादी फरशी ओली असतांना तीवर पाऊल, म्हणजे कुबडी, टाकूं नये. जिना असेल तर तो बसून, एक एक पायरी सरकत चढावा-उतरावा. यांत लाज वाटण्याचें कारण नाहीं. मुलाला तर तो खेळच वाटतो. शौचासाठीं मध्यें भोंक असलेली खुर्ची मिळवावी, कारण एका पायावर उकिडवें बसण्याच्या प्रयत्नांत दुसरा पाय मोडून घेतलेल्या माणसांचीं उदाहरणें कमी नाहींत.

दिवसाचा क्रम असा आंखावा कीं कोणतें काम कोणाचें, हें सकाळीं विचारावें लागूं नये. मुलाची आंघोळ, त्याला बाहेर फिरविणें, रात्रीं उठल्यास त्याला उचलून आईजवळ आणणें, हीं कामें दुसऱ्याचीं. भरविणें, पाजणें, थापटून निजविणें, गाणीं म्हणणें, चित्रें दाखविणें, कपड्यांच्या घड्या घालतांना मुलाच्या हातीं एक रुमाल देणें, हीं कामें आईचीं. दीड वर्षाच्या मुलाला ‘वाटी आण’, ‘चेंडू दे’ अशी एका वाक्याची सूचना कळते, आणि ती पाळण्यांत त्याला विलक्षण आनंद वाटतो. बसलेली आई आणि आणून देणारें मूल अशी जोडी जमली, म्हणजे दुपारचे दोन तास सहज निघून जातात. प्लॅस्टरविषयीं मुलाच्या मनांत भीति राहूं नये म्हणून त्याला तें हातानें चांचपूं द्यावें, बाहुलीच्या पायाला चिंधी बांधावी, आणि ‘आईचा पाय निजला आहे’ असें कांहींतरी त्याला उमजेल असें सांगावें. गाईनें मारलें म्हणून गाईला रागें भरण्याचा खेळ मात्र शिकवूं नये. ज्या अंगणांत त्याला जन्म काढावयाचा, त्यांतील जनावरांची भीति त्याच्या मनांत घालणें शहाणपणाचें नव्हे.

आतां जें दुसऱ्याचें काम म्हटलें, तो दुसरा कोण, हा खरा प्रश्न आहे. देवणीसारख्या गांवीं एकत्र कुटुंब असलें तर उत्तर सोपें वाटतें: सासूबाई आहेत, जाऊबाई आहेत. परंतु सासूबाईंचे गुडघे साठ वर्षांचे असतात, आणि दहा-अकरा किलोंचें मूल दिवसांतून वीस वेळां उचलणें हें त्यांना झेपणारें काम नव्हे. जाऊबाईंच्या माथीं धार, चूल आणि शेत यांचा दुप्पट भार आलेला असतो. अशा स्थितींत घरांतील पुरुषांनीं, ‘बायका पाहून घेतील’ म्हणून बाहेर पडणें हें त्या दोघींच्या अंगावरही दुखणें लादण्यासारखें आहे. मुलाचे वडील औत हांकतात, पोतीं उचलतात. मूल उचलणें, त्याला आंघोळ घालणें, त्याचें लंगोटें बदलणें हें त्यांना शारीरिक दृष्ट्या कठीण नाहीं. कठीण असते ती संवय, आणि ती तीन दिवसांत होते. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत तर ही सबबही चालूं नये. तेथें सासू-जावा नसतात, कामाची बाई दोन तासांपुरती येते, आणि वडील कचेरींत गेले म्हणजे चार भिंतींत दुखरी आई व धांवतें मूल एवढींच उरतात. पहिले दोन आठवडे वडिलांनीं रजा काढणें, नंतर दिवसांतले ठराविक तास आत्या, मावशी किंवा शेजारच्या वहिनी यांच्याकडून मागून घेणें, आणि त्या तासांचें वेळापत्रक भिंतीवर लावणें, हाच मार्ग आहे. ‘कांहीं लागलें तर सांगा’ या आश्वासनानें आईचें एकही उठणें वांचत नाहीं. ‘रोज चार ते सहा मी मुलाला फिरवून आणीन’ या वाक्यानें दोन तासांची विश्रांति निश्चित होते.

समाजाचीही या कामांत वांटणी आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत जाड दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदें झोंपलेल्या माणसांवर कोसळलीं. सरकारी मोजणीनें सुमारें आठ हजार माणसें दगावलीं आणि सोळा हजारांच्या आसपास जखमी झालीं. तेव्हां सर्व देशांतून मदतीचे हात आले. मोठ्या संकटांत समाज धांवतो, हें त्याचें भूषण आहे. एका बाईच्या एका पावलासाठीं मात्र छावणी उभारली जात नाहीं. तिच्यासाठीं नेहमीची, कायमची अशी सोय हवी, आणि ती सुचलेलीं माणसें महाराष्ट्रांतही झालीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ मध्यें ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास आरंभ केला. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या, आणि पुढें तें कार्य कोसबाड येथें वाढलें. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें, या विचारांतून अंगणवाडी हा शब्द व ती संस्था रूढ झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हां अंगणवाडी हें नांव देशभर गेलें.

मात्र अंगणवाडींत दिवसाचे कांहीं तास बसून शिकण्याची सोय आहे ती मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं. तीन वर्षांखालील मुलाला पोषणाचा शिधा मिळतो, लसीकरण आणि वजन यांची नोंद होते, पण त्याला दिवसभर सांभाळणारें कोणी मिळत नाहीं. १९४८ च्या कारखाने कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचें केलें, आणि १९७६ मध्यें ती मर्यादा तिसांवर आणली. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यानें कामावर सहा वर्षांखालील पांच मुलें आलीं तर त्यांना सांभाळण्यासाठीं एक बाई नेमावी, अशी तरतूद केली. पण हे सारे कायदे कामावर असलेल्या आईचा विचार करतात. पाय मोडून कामाबाहेर पडलेली शेतमजूर आई त्यांत कोठेंच बसत नाहीं. तिची मजुरी थांबते, आणि घरांत आधार नसेल तर तिसऱ्या आठवड्याच्या त्या फसव्या काळांत ती मुलाला कमरेला बांधून पुन्हा शेतांत उभी राहते. वेड्यावांकड्या जुळलेल्या हाडावर पुढें जन्मभर लंगडत राबणें, ही या किरकोळ दुखण्याची किंमत असते. गांवांतील अंगणवाडीच्या ताईंनीं किंवा आशाताईंनीं अशा घराची दखल घ्यावी, बचतगटांतील बायकांनीं पाळीपाळीनें दोन-दोन तास मूल सांभाळावें, आणि ग्रामपंचायतीनें कुबड्या व शौचाची खुर्ची यांचा एखादा संच गांवापुरता ठेवून गरज पडेल त्या घरीं द्यावा, एवढ्यासाठीं नव्या कायद्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाहीं. शहरांतील गृहनिर्माण संस्थांनाही असा एक संच ठेवणें सहज शक्य आहे.

प्लॅस्टर निघतें तो दिवस सणासारखा वाटतो, परंतु त्या दिवशीं दुखणें संपत नाहीं. कित्येक आठवडे न हललेला घोटा आखडलेला असतो, पोटरी बारीक झालेली असते, कातडी कोरडी पडलेली असते. भार किती व केव्हां टाकावयाचा हें डॉक्टरांना विचारून, प्रथम कुबड्यांच्या आधारानें थोडा, मग अधिक, असें हळूहळू करावयाचें असतें. खाटेवर बसून घोटा वरखालीं करणें, बोटांनीं टॉवेल ओढून गोळा करणें, असे साधे व्यायाम रोज करावे. मुलाला हा प्रकार आवडतो व तेंही आपलीं बोटें हलवूं लागतें. संध्याकाळीं पाय सुजला तर दुसऱ्या दिवशीं काम कमी करावें. मुलाला उचलण्याची परवानगी सर्वांत शेवटीं मिळते. आणि तोंपर्यंत मूल आईजवळ चढून यावयास शिकलेलें असल्यामुळें तिची निकडही कमी झालेली असते.

तात्पर्य, लहान मुलाच्या आईचा पाय दुखावला असतां घरानें तीन गोष्टी ठरवाव्या: ती कोठें बसेल, मूल तिच्यापर्यंत कसें येईल, आणि तिच्या वांट्याचीं उठून करावयाचीं कामें कोणत्या वेळीं कोण करील. त्यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी एका दुपारींत होतात. तिसरीसाठीं घरांतील माणसांना एकत्र बसावें लागतें. तें बसणें पहिल्याच दिवशीं झालें, तर आठ आठवडे आठ आठवड्यांतच संपतात.